खिडकीजवळची जागा

प्रवासाला निघालेल्या माणसाला आमच्या चाळीत दोन प्रश्न हमखास विचारले जात. एक, 'काय काम काढलंत?' आणि दुसरा, 'डबा घेतलात ना?' चाळ गेली, तिथे लिफ्टची इमारत उभी राहिली. पण प्रश्न तेच आहेत. दुसऱ्याचे उत्तर 'हो' असे असतेच. अडचण असते ती पहिल्याची. त्यासाठी आपण लग्नेमुंजी, कुलदैवत, आजारी मावशी आणि कोर्टाची तारीख अशी कारणे हाताशी बाळगून असतो. आमच्या प्राध्यापकवर्गाने त्यांत चर्चासत्राची भर घातली आहे.

मी कबूल करून टाकतो. गेली कैक वर्षे मी चर्चासत्रांना जातो तो विमानासाठी. निबंध कुठला वाचला ते आज आठवत नाही. पण त्या दिवशी पंखाच्या टोकाशी चंद्र कसा टेकला होता ते आठवते. हे किती दिवस लपवायचे? म्हणून गेल्या भाद्रपदात मी घरात जाहीर केले, की एक शनिवार-रविवार मी विमानात बसणार आहे, आणि तो विमानात बसण्यासाठीच. शनिवारी मुंबईहून नागपूर, दुपारी नागपूरहून पंख्याच्या छोट्या विमानाने हैदराबाद, रात्रीचा मुक्काम, रविवारी परत मुंबई. भेटायचे कोणाला नाही आणि पाहायचे काही नाही. म्हणजे पाहायचे ते सगळे वाटेतच.

"पितृपक्षात आकाशात कावळ्यांनी फिरावं हो," सौभाग्यवती म्हणाली, "तुम्ही कुठे निघालात?"

पितृपक्षात तिकिटे बरी मिळतात, हे माझे उत्तर तिला पटले नाही. विमान उतरताना तिचे कान दुखतात, त्यामुळे ती येणार नव्हतीच. माझ्या मनात दुसराच सोबती होता.

आमचे अप्पा ७९ वर्षांचे आहेत. १९६६ साली ते टपाल खात्यात लागले आणि सॉर्टिंगच्या रात्रपाळ्या करत करत २००६ साली निवृत्त झाले. विमानाच्या टपालाशी त्यांचा अर्धा जन्म गेला. विमानात मात्र ते एकदाही बसले नाहीत. सांताक्रूझला पिशव्या पोचवायला गेले, की विमानाच्या पोटाखाली उभे राहून वर पाहायचे, एवढीच त्यांची ओळख. यातली गंमत पाहा. १९४९ पासून आपल्याकडे अशी सोय होती, की देशातले साधे पत्रसुद्धा, जादा तिकीट न लावता, लवकर पोचणार असेल तर विमानाने जाई. म्हणजे 'इकडील सर्व क्षेम' एवढेच लिहिलेले आंतर्देशीय पत्र आकाशातून जात होते, आणि ते ज्याने पिशवीत भरले तो गृहस्थ शेवटच्या लोकलची वाट पाहत फलाटावर उभा होता.

निवृत्तीच्या वेळी आईने एकदा सुचवले होते, की दिल्लीला विमानाने जाऊन येऊ. अप्पांनी कागद घेतला, दोन माणसांचे जाण्यायेण्याचे गणित मांडले, आणि तेवढ्या पैशांत फ्रीज येतो असे सिद्ध केले. फ्रीज आला. सहा वर्षांनी आई गेली. फ्रीज अजून चालू आहे. तेव्हापासून घरात कोणी विमानाचा विषय काढला की अप्पा उठून बाहेर जातात.

या वेळीही ते "काम काय आहे माझं तिथे?" म्हणून उठलेच होते. पण माझ्या मुलीने त्यांना दारात गाठले. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपालाचे विमान स्वतः चालवत आणले, ही अप्पांची आवडती कथा. तिने तिचे उत्तरकांड काढले. "आजोबा, पन्नास वर्षांनी, १९८२ साली, ते पुन्हा त्याच वाटेने एकटे विमान घेऊन आले. तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. तुम्हाला तर चालवायचंही नाही. नुसतं बसायचंय."

अप्पा म्हणाले, "नवमी होऊन जाऊ दे." अविधवा नवमीला आईचे श्राद्ध असते. मी लगेच त्यापुढच्या शनिवारची तिकिटे काढली.

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पहिला प्रश्न टाकला. मी चर्चासत्र म्हणण्यासाठी तोंड उघडले, तोच जन्मात खोटे न बोललेले अप्पा म्हणाले, "नागपूरला टपालाचं जरा काम आहे."

हे त्यांनी सहज सांगितले असे मला त्या वेळी वाटले.

खिडकीजवळची जागा कुठल्या बाजूची घ्यावी, हे एक शास्त्र आहे आणि त्यात माझा थोडा अभ्यास आहे. सकाळी नागपूरला जाताना ऊन उजवीकडून येते, म्हणून शहाणे लोक डावीकडे बसतात. मी उजवी बाजू घेतली. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उडते. म्हणजे आधी समुद्राकडे धावणार आणि जुहूचा जुना विमानतळ उजव्या हाताला दिसणार. तसेच झाले. यंत्रे गरजली, पाठ खुर्चीला टेकली, धावपट्टीचे पांढरे पट्टे एकमेकांत मिसळले, आणि चाकांखालची खडखड एकदम थांबली. जगातल्या सगळ्या शांततांमध्ये ही अर्ध्या क्षणाची शांतता मला सर्वांत प्रिय आहे. अप्पांनी माझे मनगट धरले होते. मी खाली बोट दाखवले. घरांच्या दाटीत ती जुनी धावपट्टी पडली होती, वाळत टाकलेल्या धोतराएवढी.

"इथेच उतरले ते," अप्पा म्हणाले आणि मनगट सोडले.

पुढे सह्याद्री ढगांत गेला. अप्पांनी पिशवीतून चिवड्याचे पाकीट काढले, तर ते मोदकासारखे टम्म फुगलेले. त्यांना वाटले, माल खराब निघाला. मी मास्तरकीचा हक्क बजावला. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर असले तरी आतली हवा दाबून ठेवलेली असते; तरी ती जमिनीवरच्या इतकी दाट नसते. सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी तशी असते. म्हणजे आपण कळसूबाईच्याही वर बसून चिवडा खात असतो. अप्पांनी पाकिटाला टाचणीऐवजी दात लावला.

मराठवाड्यावर ढग फाटले. दूर दक्षिणेला नाथसागराचे पाणी चकाकले. मी घड्याळ पाहत होतो, कारण उजवी बाजू घेण्याचे दुसरे कारण आता येणार होते. विमाने वाट थोडी बदलतात, वर ढग. त्यामुळे मी अप्पांना काही सांगितले नव्हते. पण ते स्वतःच एकदम काचेला नाक लावून म्हणाले, "अरे, हा शिक्का कुणी मारला?"

ते लोणार होते. उल्का आदळून काळ्या कातळात झालेला तो जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा खळगा, मध्ये हिरवट पाणी, भोवती झाडीची गडद कड. मी काठावर उभा राहून लोणार दोनदा पाहिले आहे, पण ते इतके गोल आहे हे काठावरून कळत नाही. शेतांच्या चौकोनी तिकिटांवर कुणीतरी टपालाचा शिक्का नेमका उठवावा, तसे ते दिसत होते. चाळीस वर्षे शिक्के पाहिलेला माणूस म्हणाला, "स्वच्छ उठलाय. तारीख तेवढी वाचता येत नाही."

नागपूरला उतरलो आणि जिना उतरताच अप्पा उभे राहिले. मागची माणसे खोळंबली. बसपाशी उभा असलेला कर्मचारी "चला काका, चला" म्हणू लागला. अप्पा धावपट्टीकडे, गवताकडे, लांबच्या जुन्या इमारतींकडे पाहत होते. मला वाटले, चक्कर आली.

"सोनेगाव," ते म्हणाले. "बाळ, हे सोनेगाव."

मग चहा घेताना त्यांनी सांगितले, आणि टपालाचे काम म्हणजे काय ते मला उमगले. १९४९ च्या जानेवारीत आपल्याकडे रात्रीची विमानटपाल सेवा सुरू झाली. रोज रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी चार विमाने निघत आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र येत. नागपूर देशाच्या मध्यावर आहे, म्हणून. तिथे पिशव्यांची अदलाबदल होई. मद्रासची पिशवी दिल्लीच्या विमानात, कलकत्त्याची मुंबईच्या विमानात. आणि उजाडण्याच्या सुमारास चारही विमाने आपापल्या घरी परत. संध्याकाळी गिरगावात टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात पोचे, ते या मध्यरात्रीच्या बाजारामुळे. पुढे दिवसाची विमाने वाढली आणि ती सेवा बंद पडली. पण अप्पांची नोकरीची पहिली वर्षे तिच्यातच गेली होती.

"रोज रात्री पिशव्यांवर नागपूरची चिठ्ठी बांधायचो," अप्पा म्हणाले. "बाराच्या सुमाराला मनात यायचं, आता पोचल्या असतील. आता उतरवत असतील. पाऊस असला तर झोप लागायची नाही. पिशव्या भिजल्या तर? तुझी आई म्हणायची, एवढा जीव आहे तर एकदा बघून या."

एवढे बोलून ते चहात बिस्किट बुडवत बसले. बिस्किट तुटून कपात पडले, तरी त्यांचे लक्ष नव्हते.

नागपुरात आम्ही विमानतळाच्या बाहेर आलो ते अर्धा तास, आणि पुन्हा आत शिरलो. दारावरच्या जवानाने तिकिटे पाहिली, ओळखपत्रे पाहिली, मग आम्हाला पाहिले. सकाळी मुंबईहून आलात, आता हैदराबादला जाता, उद्या मुंबईला परत. मग मुंबईहून सरळ हैदराबादला का नाही गेलात? प्रश्न रास्त होता. अप्पांनी आपल्या टपालखात्याच्या हिंदीत उत्तर दिले, "हम पिशवी के रास्ते से जा रहे हैं." जवान हसला आणि त्याने आम्हाला सोडले. अलीकडे वर्गातल्या एका मुलीने मला विचारले होते, की सर, हौसेसाठी एवढे इंधन जाळणे बरोबर आहे का? त्याला इतके सोपे उत्तर मला सापडलेले नाही. ती म्हणते ते खरे आहे, आणि म्हणून ही चैन मी नेमाने करणार नाही.

दुसरे विमान छोटे, सहा पात्यांच्या दोन पंख्यांचे. त्यात मागच्या दाराने चढतात, टांग्यासारखे. पंख छपरावर असतात, त्यामुळे खिडकीतून खाली पाहायला आडकाठी नाही. चाके पोटाशी दुमडून बसताना दिसतात. हे वीस हजार फुटांच्या आतच उडते. मोठे विमान ढगांच्या माथ्यावरून जाते, हे ढगांच्या गल्ल्यांतून जाते. अर्थात गल्लीतले खड्डेही त्याला लागतात. दोनदा असे आदळलो, की हवाईसुंदरीसुद्धा (हा शब्द आता कोणी वापरत नाही, पण मला तो आवडतो) बसून पट्टा लावती झाली. अप्पा शांत होते. म्हणाले, "मेलव्हॅन याहून वाईट."

दुपार उतरली होती, सूर्य उजवीकडे, आम्ही डावीकडे. खाली ढगांचा सपाट पांढरा फरसा लागला. त्यावर आमच्या विमानाची सावली धावत होती, आणि सावलीभोवती एक रंगीत कडे होते. आत निळसर, बाहेर तांबूस, पुरते गोल.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून नशिबवानांना जे दिसते, ते इंद्रवज्र. वर्गात मी इंद्रवज्रा वृत्त शिकवतो. त, त, ज आणि दोन गुरू, अकरा अक्षरे, फळ्यावर खडूने. खरे इंद्रवज्र मी पहिल्यांदाच पाहत होतो. सूर्य पाठीशी असला, की ढगातले बारीक थेंब उजेड आल्या वाटेने परत पाठवतात, त्याचे हे कडे. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांचे आणि कितीतरी मोठे, हे लहान. आणि त्याचा मध्य असतो पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या बरोबर समोर, सूर्याच्या उलट दिशेला. सावली जवळ आली की विमानाच्या ज्या भागात तुम्ही बसलेले असता, त्यावर तो मध्य येतो.

मी हे अप्पांना सांगितले. ढग वर आले तशी सावली मोठी होत गेली. पंख दिसले, शेपूट दिसले. अप्पांनी काचेवर बोट ठेवून शेपटीकडून ओळी मोजल्यासारखे केले.

"म्हणजे तो मधला ठिपका मी?"

"हो. तुम्हाला दिसतोय तो तुम्ही. मला दिसतोय तो मी."

ते बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "फ्रीज पुढच्या वर्षी घेतला असता तरी चाललं असतं."

मी काही बोललो नाही. ढग संपले, कडे विरले, खाली तेलंगणातली तळी दिसू लागली.

हैदराबादच्या मुक्कामात सांगण्यासारखे काही नाही. अप्पांनी नऊला झोप काढली आणि मी जागा राहिलो. रविवारच्या विमानात त्यांना खिडकी मिळाली, पण ढग असे दाट होते, की मुंबईच्या झोपड्यांची निळी छपरे थेट चाकांखालीच उगवली.

सोमवारी सकाळी कॉलेजला निघालो, तेव्हा अप्पा टेबलाशी चष्मा लावून बसले होते. तिन्ही बोर्डिंग पास त्यांनी एकाखाली एक डकवले होते आणि शेजारी, पिशवीच्या चिठ्ठीवर लिहीत तशा ठसठशीत अक्षरांत, दिल्ली, मद्रास, कलकत्ता अशी नावे मांडली होती. नात बाजूला फोन घेऊन बसली होती.

"कलकत्त्याला," अप्पा तिला विचारत होते, "सकाळच्या विमानात कुठल्या बाजूला बसायचं ग?"