घसारा आणि देखभाल

मकरसंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून पुतण्याचा फोन आला. तिळगुळाचे बोलणे झाल्यावर तो मूळ मुद्द्यावर आला. "काका, एक गाडी पाहिली आहे. बीएमडब्ल्यू ५३०डी, २०१४ सालची. तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन, २५८ अश्वशक्ती. नवी होती तेव्हा पन्नास लाखांच्या वरची. आता अकरा लाखांत मिळते आहे. माझ्याकडे तीन लाख कमी पडतात. तुम्ही द्याल का? आणि बाबांना तुम्हीच समजावा."

त्याचे बाबा म्हणजे माझे थोरले बंधू, आम्हा सर्वांचे दादा. मोटारीच्या बाबतीत त्यांना समजावण्याचा अधिकार मी सात वर्षांपूर्वीच गमावून बसलो आहे. तो कसा, हे पुढे येईलच.

वाचकहो, या सदरातून आपण आजवर मुदत ठेवी, वारसनोंद, मृत्युपत्र अशा विषयांवर बोलत आलो. आजचा विषय वरकरणी चैनीचा आहे. परंतु ज्यांच्या घरात तरुण मुले आहेत आणि हातात मोबाइल आहे, त्यांच्यापर्यंत हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे. जुन्या, वेगवान जर्मन मोटारी आता मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या आहेत. निदान तसे दिसते तरी आहे.

प्रथम माझा कबुलीजबाब. २०१७ साली बँकेतून निवृत्त झालो आणि त्याच डिसेंबरमध्ये नागपूरहून २००८ सालची बीएमडब्ल्यू ३२५आय ६ लाख ४० हजार रुपयांना घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाहनकर्जांच्या कागदांवर सह्या केल्या. स्वतः मात्र एकच छोटी गाडी चौदा वर्षे वापरली. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "एवढी गाडी घेऊन जायचे कुठे?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. एका ओळीत मांडलेल्या सहा सिलिंडरांचे ते पेट्रोल इंजिन पहाटे साकोलीच्या रस्त्याला लागले की जो एकसंध, कुठेही न अडखळणारा सूर धरते, त्याच्यासाठीच ती घेतली होती. वेग हे कारण नव्हतेच. चौपदरी महामार्गावर मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि भंडाऱ्याच्या बाजारातून तर सायकलस्वारही पुढे निघून जातो.

आता हिशेबाकडे वळू. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला घसारा पहिल्या वर्षातच शिकवतात. मालमत्तेचे पुस्तकी मूल्य दरवर्षी घटते, हे सर्वांना ठाऊक असते. पण घसारा लागतो तो किमतीला. देखभालीला तो लागत नाही. पन्नास लाखांची गाडी अकरा लाखांना मिळाली, तरी तिचा प्रत्येक सुटा भाग पन्नास लाखांच्या गाडीचाच राहतो. तो भाग तयार करणाऱ्या कारखान्याला तुम्ही गाडी कितीला घेतली हे माहीत नसते. म्हणून अशा गाडीचा खर्च तिच्या आजच्या किमतीवरून नव्हे, तर मूळ किमतीवरून ताडून पाहावा.

आपल्याच राज्यातील एक प्रसंग येथे आठवतो. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, व्यावसायिकांच्या एका गटाने एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज-बेंझ मोटारी घेतल्या. एकूण किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. मराठवाड्यात पैसा नाही असे समजणाऱ्यांना ते उत्तर होते. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली. त्या मोटारींसाठी मिळालेल्या सवलतीच्या बँककर्जाची तुलना शेतकऱ्याच्या ट्रॅक्टर-कर्जाच्या व्याजाशी झाली आणि वादही झाला. आम्हा बँकेतल्या माणसांनीही चहाच्या वेळी त्यावर पुष्कळ चर्चा केली; पण सारी चर्चा व्याजदरावर आणि हप्त्यांवरच थांबली. या गाड्या पंधरा वर्षांच्या होतील तेव्हा काय, असे आमच्यापैकी कोणीही विचारले नाही. गेल्या ऑक्टोबरमध्ये त्यांना पंधरा वर्षे झाली. कर्जाचे खाते हप्ते संपले की बंद होते. गाडीचे खाते मात्र तेव्हा खऱ्या अर्थाने उघडते.

या गाड्या जुन्या होतात म्हणजे नेमके काय होते? पोलाद फारसे दगा देत नाही. दगा देतात ते प्लॅस्टिक, रबर आणि वायरी. इंजिनाभोवतीच्या शीतकाच्या नळ्यांचे जोड, टाकी, तेल अडवणारी गॅस्केटे ही सतत तापून-निवून दहा-बारा वर्षांत ठिसूळ होतात. विदर्भाच्या उन्हात थोडी आधीच. माझ्या गाडीच्या इंजिनाचा मुख्य ठोकळा वजन कमी राहावे म्हणून मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम एकत्र करून ओतलेला आहे. मॅग्नेशियमला पोलादी बोल्ट लावला तर गंज धरतो, म्हणून तेथे बोल्टही ॲल्युमिनियमचे. ते आवळताना ताणले जातात. एकदा सोडले की पुन्हा वापरता येत नाहीत. म्हणजे काहीही उघडले की बोल्टांचा नवा संच आलाच. गाडी हलकी आणि चपळ होते ती याच बुद्धिमत्तेमुळे, आणि दुरुस्तीचे बिल फुगते तेही तिच्यामुळेच. पुतण्याने पाहिलेल्या डिझेल इंजिनात तर टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. साखळी काही हजारांची असेल. पण तिच्यापर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स किंवा अख्खे इंजिन उतरवावे लागते.

आमच्या इंजिनात पाण्याचा पंप पट्ट्यावर चालत नाही, विजेवर चालतो. पट्ट्याचा पंप जाण्यापूर्वी बहुधा कुरकुरतो, गळतो. विजेचा पंप अनेकदा सूचना न देता थांबतो. मार्च २०१९ मध्ये नागपूरच्या मिस्त्रींनी मला स्पष्ट सांगितले, "साहेब, पंप अकरा वर्षांचा झाला. चालू आहे तोवर बदलून घ्या. थर्मोस्टॅटसह अठ्ठावन्न हजार." मी म्हणालो, "पुढच्या तिमाहीत पाहू." आयुष्यभर कर्जदारांच्या तोंडून ऐकलेले वाक्य माझ्या तोंडून किती सहज आले!

त्याच वर्षी मे महिन्यात दादांना घेऊन नागपूरला निघालो. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. हृदयरोगतज्ज्ञांनी अकराची वेळ दिली होती. शहापूर, ठाणा मागे पडले. मौदा ओलांडले आणि समोर पिवळा दिवा लागला. या गाडीत पाण्याच्या तापमानाचा काटा नाही; पिवळा दिवा म्हणजे सावध व्हा, तांबडा म्हणजे ताबडतोब थांबा. मी वातानुकूलन बंद केले, काचा खाली घेतल्या आणि म्हणालो, "दादा, जरा मोकळी हवा घेऊ." डॉक्टरांची वेळ चुकू नये हे एक कारण होते. दुसरे कारण आज लिहितो : "घेतलीस ना जर्मन गाडी!" हे त्यांच्या तोंडून ऐकायचे नव्हते. सहा किलोमीटरवर तांबडा दिवा लागला आणि बोनेटमधून वाफ निघाली.

त्रेचाळीस अंशांच्या उन्हात चौऱ्याहत्तर वर्षांचे दादा कडुनिंबाखाली दीड तास बसून होते. जवळचे पाणी संपले. शेवटी उन्हाळी धानाची पोती घेऊन जाणाऱ्या एका छोट्या टेम्पोवाल्याने त्यांना शेजारी बसवून नागपूरला पोहोचवले. डॉक्टर दुपारी निघून गेले होते. तपासणी संध्याकाळी झाली. सुदैवाने काही विपरीत घडले नाही. इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड मात्र उष्णतेने वाकले. अठ्ठावन्न हजार वाचवायला गेलो आणि १ लाख ९२ हजारांचे बिल भरले.

रात्री दादा म्हणाले, "गाडी बंद पडली याचे मला काही नाही रे. यंत्र आहे, पडणारच. पण दिवा लागला तेव्हा तू मला सांगितले नाहीस." त्या वाक्याची नोंद कोणत्या खात्यात करावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मोटारीचा इतिहासच मुळी वाटेतल्या दुरुस्तीने सुरू होतो. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ या बाईंनी पती कार्ल बेंझ यांना न सांगता दोन मुलांसह मॅनहाइमहून फोर्झहाइमपर्यंत सुमारे १०६ किलोमीटर मोटार नेली. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास. इंधनाची नळी तुंबली तेव्हा त्यांनी टोपीची पिन काढून ती मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा वाटेत एका चांभाराकडून त्यांना चामडे ठोकून घेतले. बिघाड दिसताच थांबायचे आणि हातात आहे त्याने तो निस्तरायचा, ही रीत त्या बाईंना पहिल्याच दिवशी कळली होती. मला ती पासष्टीच्या उंबरठ्यावर कळली.

त्यानंतर मी वेगळी वही घातली. डिसेंबर २०२५ अखेर आठ वर्षांत पेट्रोल आणि विमा सोडून देखभालीवर ७ लाख ८६ हजार रुपये गेले. खरेदीच्या रकमेहून जवळपास दीड लाख अधिक. गाडी ४१ हजार किलोमीटर चालली, म्हणजे किलोमीटरला एकोणीस रुपये नुसत्या देखभालीचे. पण त्याच वहीत हेही दिसते की निम्म्याहून अधिक खर्च पहिल्या तीन वर्षांतला आहे. आता दरवर्षी ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात जाते आणि भाग मोडण्यापूर्वी बदलला जातो. कंपनीने सांगितलेल्या लांब मुदतीची वाट न पाहता दर आठ हजार किलोमीटरला इंजिनाचे तेल बदलतो. सुटे भाग मूळ उत्पादकाचेच घेतो, मात्र मोटार कंपनीच्या वेष्टनाशिवाय. पंप बनवणारी पीअरबुर्ग किंवा सस्पेन्शनचे भाग बनवणारी लेमफर्डर यांचा माल त्यांच्याच नावाने बाजारात बराच स्वस्त मिळतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा ओढून घेते. म्हणून टाकी भरून गाडी महिनोन् महिने उभी ठेवत नाही.

कायद्याचेही भान हवे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ५ हजार रुपये झाले आहे, पर्यावरण कर वेगळा. माझ्या गाडीचे नूतनीकरण २०२३ मध्ये झाले. वीस वर्षांपुढच्या मोटारीला हेच शुल्क आता १० हजार आहे. पन्नास वर्षे ओलांडलेल्या मोटारीला आपल्याकडे व्हिंटेज म्हणून मान आणि वेगळी नोंदणी मिळते. जर्मनीत हा मान तिसाव्या वर्षी मिळतो. आपल्याकडची मधली पस्तीस वर्षे गाडी ना नवी, ना वारसा. तिला सांभाळणारा फक्त मालकच. दिल्लीत जुन्या गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या अनेक मोटारी इतर राज्यांत स्वस्तात येतात. त्या घेताना ना-हरकत दाखला, महाराष्ट्रातील कर आणि नव्याने नोंदणी हे सारे किमतीत मिळवूनच आकडा पाहावा.

पुतण्याला मी वहीच्या सर्व पानांची छायाचित्रे पाठवली आणि लिहिले : "तुला तीन लाख कमी पडत नाहीत, सात पडतात. कारण चार लाख पहिल्या दिवशी बाजूला ठेवायचे आहेत. रोजच्या कामाची आणि दवाखान्याची गाडी वेगळी ठेव. व्यवहारापूर्वी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मिस्त्रीकडून गाडी रॅम्पवर चढवून पाहून घे. थंड इंजिन सुरू करताना मागच्या बाजूने साखळीचा आवाज येतो का, ते स्वतः ऐक. एवढे केलेस तर तीन लाख माझे."

आठ दिवसांनी उत्तर आले. तपासणीत तेलाची गळती निघाली, साखळीचा आवाजही होता. ती गाडी त्याने सोडली. दुसरी पाहतो आहे, आणि राखीव रक्कम साठवायला वर्षभर थांबणार आहे.

दादांकडे मात्र मी गेलो. ते आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. सारे ऐकून घेतल्यावर त्यांनी किंमत विचारली नाही, अश्वशक्तीही नाही. एवढेच विचारले, "दिवा लागला तर तो थांबेल का?"

मी म्हणालो, "थांबेल. मी थांबलो नव्हतो, हे त्याला सांगितले आहे."