पर्वतीच्या पायऱ्या

काशीयात्रेचा बेत आमच्या घरीं चाळीस वर्षें शिजत आहे. तेवढ्यांत पुण्यांत राहून पर्वतीही एकदां जोडीनें झाली नाहीं, असें परवां सौभाग्यवती म्हणाल्या. आम्ही वरमलों. दुसऱ्या दिवशीं पहाटेच निघालों. पायऱ्या १०३, साठावीवर आमच्या गुडघ्यांनीं असहकार पुकारला. तेथेंच बसून सौभाग्यवतींनीं पदराच्या गांठीचे शेंगदाणे सोडले. वर दर्शन झालें. नानासाहेब पेशव्यांनीं हें देवदेवेश्वराचें देवालय १७४९ सालीं उभारलें आणि पानिपतानंतर, १७६१ त, येथेंच देह ठेविला, असा पाठ आम्हीं सुरू केला. त्या मात्र खालीं शहराकडे टक लावून होत्या. "अहो, तो पाहा आपल्या वाड्यांतला नारळ!" नारळ आमचाच होता काय, हें आम्हीं विचारलें नाहीं.