बेतावद ते पालखेड : मेजावरची एक मोहीम

भुसावळहून सुरतेला कापडाच्या खरेदीसाठी जाणाऱ्या व्यापाऱ्याच्या गाडीला अमळनेर सोडल्यावर बेतावद नावाचे स्थानक लागते. तेथे कोणी मुद्दाम खिडकीबाहेर डोकावत नाही. १७२८ च्या फेब्रुवारीच्या मध्यास मात्र थोरले बाजीराव पेशवे आपल्या घोडदळासह याच बेतावदला होते आणि निजामउल्मुल्क पुण्याच्या मुलखात उतरला होता. दोन आठवडे पुरते उलटण्याआधीच, २५ फेब्रुवारीस, निजामाची फौज वैजापूरजवळच्या पालखेडला वेढली गेली. तिचे धान्य आणि पाणी तुटले. मोठी रणधुमाळी न होता एका बलाढ्य सत्तेला तहाला बसावे लागले. इंग्रज सेनानी माँटगोमेरी यांनी युद्धाच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात या मोहिमेची मुद्दाम प्रशंसा केली आहे.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जमलेल्या मुलांना ही मोहीम मेजावर मांडून खेळता येते. आपल्याकडे अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो, त्यावर मावळे बसतात, आणि भाऊबीज झाली की सारे खोक्यात भरून माळ्यावर जाते. पाश्चात्त्य देशांत हेच छोटे शिपाई मेजावर आले. १७८० मध्ये जर्मनीतील हेल्विग नावाच्या गृहस्थाने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर डोंगर, नद्या आणि तोफा आणल्या. प्रशियाच्या सैन्याने १८२४ पासून अशा खेळाचा उपयोग अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी केला. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटिल वॉर्स’ हे पुस्तक लिहून तो घरगुती केला. पुढच्याच वर्षी खरे महायुद्ध पेटले. वेल्स यांच्या खेळात खेळण्यातल्या तोफेने लाकडी गोळी मारायची आणि जो शिपाई आडवा होईल तो मेला असे धरायचे.

नेमके येथेच जैन घरातील आजी हरकत घेईल, आणि तिची हरकत हसण्यावारी नेण्याजोगी नाही. यशोधर राजाची कथा तिला पाठ असते. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी आईने पशुबळी सुचविला, राजाने जिवंत प्राणी मारण्यास नकार दिला, आणि तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो बळी दिला. रक्ताचा थेंबही सांडला नाही. तरी मारण्याचा संकल्प झाला होता, म्हणून मायलेकांना पशुयोनीत जन्मोजन्मी भटकावे लागले. सोमदेवसूरींच्या दहाव्या शतकातील ‘यशस्तिलका’त ही कथा विस्ताराने येते. पिठाच्या कोंबड्याला जो न्याय लागला, तो मातीच्या शिपायाला का लागू नये? ‘हा तर नुसता खेळ आहे’ हे उत्तर येथे पुरत नाही, कारण यशोधराची आईही हेच म्हणत होती.

उत्तर शोधायचे तर ते खेळाच्या नियमांतच शोधावे लागते. पालखेडची निवड त्यासाठीच करावयाची. पानिपत मांडले की मुले मुडदे मोजू लागतात. पालखेडात मोजायचे असते ते धान्य.

मांडणी फारशी खर्चाची नाही. मोठ्या कागदावर पुण्यापासून बुऱ्हाणपूरपर्यंत आणि माहूरपासून भरूचपर्यंतचा नकाशा काढून त्यावर चौकटी आखाव्यात. भुसावळच्या पुलाखालून वाहणारी तापी खाली कुकरमुंड्यापर्यंत दाखवावी. बाजीरावांनी ती तेथे ओलांडून गुजरात गाठले होते. तेथून ते फिरले आणि बेतावदला आले. एक डाव म्हणजे एक आठवडा. नोव्हेंबरच्या आरंभापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत सोळा डाव होतात. घोडदळाला एका डावात तीन चौकटी, तोफखान्याला एकच. या एका नियमातच निजामाची सारी अडचण आली.

हिशोबाची बाजू यजमानाने स्वतःकडे ठेवावी. प्रत्येक बाजूस दहा पथके द्यावीत. प्रत्येक पथकाला आठवड्यास एक कवडी धान्य लागते. सोळा आठवड्यांचा खर्च एकशे साठ कवड्या, आणि आरंभीची शिल्लक फक्त साठ. उरलेल्या शंभर कवड्या कोठून आणायच्या, हाच खेळ. चौथाई वसूल करता येते. बुऱ्हाणपूरच्या सावकाराकडून कर्ज काढता येते. ही भूमिका घरातील सर्वांत विचारी मुलाला अगर मुलीला द्यावी, कारण पत पाहून व्याज ठरविण्याचा आणि नकार देण्याचा अधिकार तिच्याकडे असतो. गाव लुटूनही तीन कवड्या एकदम मिळतात. पण ती चौकट पुढे कोणालाच दाणा देत नाही, आणि त्या गावाचे नाव खतावणीत वेगळ्या पानावर चढते. ज्या पथकाला धान्य मिळाले नाही ते मरत नाही. त्याचा शिपाई उचलून मेजाच्या कडेला ठेवावा : तो घरी गेला.

ही पळवाट आहे की खरा बदल, याची कसोटी मुलांच्या चेहऱ्यावर दिसते. तांडा वेळेवर पोहोचला म्हणून आनंद होत असेल तर नियम कामाला आला. गाव लुटल्यावर टाळ्या पडल्या, तर यजमानाने खेळ थांबवून खतावणीचे ते पान मोठ्याने वाचावे. इतके करूनही आजीचे मन मानले नाही, तर नकाशा गुंडाळून ठेवणेच उचित. भुसावळ आणि वरणगाव येथे खऱ्या दारूगोळ्याचे कारखाने आहेत; मातीच्या शिपायांनी देशाचे काही अडणार नाही.

दुसरा प्रश्न फाशांचा. परदेशी खेळात पदोपदी फासे टाकतात. सप्तव्यसनांत द्यूत पहिले असल्याने पुष्कळ घरांत फाशाला हातही लावत नाहीत. त्याऐवजी डब्यात चिठ्ठ्या ठेवाव्यात : ‘नदीला उतार मिळाला’, ‘बैल थकले’, ‘जासूद पकडला गेला’. पैज कोणत्याही रूपात नको, चॉकलेटचीही नको.

यजमान हा कीर्तनकार आणि पंच या दोन्ही नात्यांनी वावरतो. प्रत्येक खेळाडू आपला हुकूम कागदावर लिहून बंद देतो. तो उघडून काय घडले ते यजमान सांगतो. बातमी मात्र उशिरा पोहोचवावी. पुण्याकडील वार्ता बेतावदच्या खेळाडूला एक डाव मागाहून मिळाली, म्हणजे घाई आणि धीर यांतले अंतर त्याला कळते. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे आणि निजामाचा सरदार ऐवजखान या भूमिकाही वाटून द्याव्यात. निजाम होणाऱ्या मुलाला खलनायक ठरवू देऊ नये. भांडण चौथाई-सरदेशमुखीच्या वसुलीचे आणि छत्रपती शाहू की कोल्हापूरचे संभाजी या वादाचे होते; चंद्रसेन जाधवांसारखा मराठा सरदार निजामाच्या बाजूस होता. हे आधी सांगितले की मुले धर्मावरून बाजू घेत नाहीत.

वेळेचे गणित काटेकोर असावे. दुपारी एकला आरंभ करून प्रत्येक डावाला पंधरा मिनिटे दिली तर सोळा डाव पाचला संपतात आणि चौविहार पाळणाऱ्यांना सूर्यास्तापूर्वी जेवता येते. मध्यंतरात केळीचे वेफर्स व खाकरा चालेल, पण नकाशापासून दूर. तेलकट बोटाचा डाग गोदावरीवर पडला की तेथे नवे तळे तयार होते आणि त्यावरून वाद होतो.

शेवट तहाने करावा. दोन्ही बाजूंनी कलमे स्वतः लिहावीत, आणि ती झाल्यावरच यजमानाने ६ मार्च १७२८ च्या मुंगी-शेवगावच्या तहाची हकीकत सांगावी : निजामाने शाहूंचा हक्क मान्य केला आणि चौथाई-सरदेशमुखी देण्याचे कबूल केले. मुलांची कलमे बहुधा याहून उदार निघतील. फक्त लुटलेल्या गावांचे पान आणि बुऱ्हाणपूरच्या सावकाराचे येणे त्यांच्या तहात सुटण्याचा संभव आहे. सावकाराची भूमिका करणाऱ्या मुलीने तेवढ्यात आपली वही पुढे केली, तर तिला बोलू द्यावे, जेवणाची वेळ होत आली असली तरी.