ज्यांना हौशी म्हणता, त्यांनाच रात्री हाक मारता

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, मुंबई

महोदय,

पावसाळा लागला की गड-धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात. तरीही कोणी कड्यावर अडकलाच, तर ‘मरायलाच गेला होता, खर्च वसूल करा’ अशी ओरड होते. या ओरडीला शासनाने ठाम उत्तर द्यावे, यासाठी हे पत्र.

आमच्या वर्धा जिल्ह्यात सह्याद्रीचे कडे नाहीत. पण आमची पोरे पुण्या-मुंबईत शिकतात, नोकरी करतात, सुटीच्या दिवशी हरिश्चंद्रगड चढतात. त्यांच्यातला एखादा उद्या कोकणकड्यावर अडकला, तर त्याला वाचवायचे की नाही हे त्याच्या शहाणपणावर ठरणार का?

28 जुलै 2018. आंबेनळी घाटात दापोली कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, 30 जण गेले. खोल दरीत दोर सोडून पावसात, धुक्यात मृतदेह वर कोणी आणले? महाबळेश्वर, पोलादपूरकडच्या गिर्यारोहकांनी. 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. रस्ता नाही, यंत्रे वर जाईनात. तिथेही खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांची पोरे चढली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसे कायमची मातीखाली राहिली. चढावरच एका अग्निशमन अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला.

अंधारात, निसरड्या वाटेवर पाय कुठे टाकायचा हे या पोरांना कोणी शिकवले? सुटीच्या दिवशी कड्यांवर घेतलेल्या त्याच धोक्यांनी. त्या हौसेला तुम्ही दिवसा गुन्हा ठरवता आणि रात्री तिलाच फोन करता. ही पोरे मोबदला घेत नाहीत. दोर, हार्नेस, स्ट्रेचरसाठीही वर्गणी काढावी लागते.

वाचवणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न खरा आहे. मे 2024मध्ये अकोले तालुक्यात प्रवरेत बुडालेल्यांना शोधताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचेच तीन जवान बुडाले. म्हणून उतरायचे की थांबायचे, हे दोर धरणाऱ्याने जागेवर ठरवावे. तो थांबला तर त्याला कोणी बोल लावू नये. पण अडकलेल्याची लायकी काढण्याचा अधिकार कोणालाच नाही.

इकडे वर्धा नदीत झुंज येथे 14 सप्टेंबर 2021ला नाव उलटली, 11 जण बुडाले. दशक्रियेसाठी आलेले एकच कुटुंब. नावेत जास्त माणसे बसली, ही चूक होतीच. ती चौकशीत मोजा, शोधकार्यात नको. आमच्याकडे धाम-वेणेत कोणी बुडाले की नागपूरहून पथक पोहोचेपर्यंत पाण्यात उतरतो तो गावचा ढीवर, म्हणजे मासेमार. लांब दोराला गळ बांधून तो तासन् तास तळ चाचपतो. त्या दिवशीची त्याची मजुरी बुडते, ती भरून देण्याचा विचारही कोणाला शिवत नाही.

तेव्हा बेफिकिरीबद्दल दंड करायचा तो खुशाल करा, पण माणूस सुखरूप वर आल्यावर. खर्चाच्या धाकाने कोणी मदतीचा फोन करायला कचरला, तर त्या उशिराची जबाबदारी शासनाची असेल. सह्याद्रीतल्या स्वयंसेवकांना आणि आमच्या ढीवरांना विमा, प्रशिक्षण, साहित्य आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी द्या. वर्धा जिल्ह्यात प्रत्येक नदीकाठच्या तालुक्यात लाइफ जॅकेट, दोर आणि बोट पुढच्या पावसाळ्याआधी पोहोचवा, आणि हे साहित्य कोणत्या गावी, कोणाच्या ताब्यात आहे याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

आपला,
वर्धा जिल्ह्यातील एक नागरिक