दोन उभ्या रेघांची भीती कशाला?



नायगाव, नरसी, बिलोली, देगलूर या भागातली आपली पुष्कळ मुले दहावीपर्यंत मराठीत शिकतात. अकरावी विज्ञानाला गेली की एकदम इंग्रजी पुस्तक हाती येते. त्यात 'कॉम्प्लेक्स नंबर' आणि त्याचे 'मॉड्युलस' आले की कितीतरी मुले मनातल्या मनात विज्ञान सोडून देतात. घरचे म्हणतात, हे आपल्याला कुठून कळणार? पण हा धडा रोजंदारीवर जाणाऱ्या आई-बापालाही कळेल असा आहे.

संमिश्र संख्या म्हणजे दोन भागांची संख्या. ३ + ४आय घ्या. आलेखाच्या कागदावर आरंभबिंदूपासून उजवीकडे ३ घरे जा, तेथून वर ४ घरे, आणि टिंब द्या. 'आय'चा वर्ग वजा एक असतो, पण ते गुणाकाराच्या वेळी पाहू. इथे 'आय' एवढेच सांगतो की हे माप वरच्या दिशेचे आहे. संख्येच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा मारल्या की झाले मॉड्युलस, म्हणजे आरंभबिंदूपासून त्या टिंबाचे सरळ अंतर. गवंडी पायाचा काटकोन धरताना एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजतो आणि तिरपे ५ फूट भरते का ते पाहतो. तोच हा हिशेब: |३ + ४आय| = ५.

संख्यांना असे कागदावर मांडणारा कॅस्पर वेसेल हा प्राध्यापक नव्हता, जमीन मोजणारा होता. मूळचा नॉर्वेचा, नोकरी डेन्मार्कात. १७९७ साली त्याने आपला निबंध तिथल्या विद्वानसभेपुढे ठेवला, १७९९ साली तो छापला गेला. पण भाषा डॅनिश! जवळजवळ शंभर वर्षे कोणी दखल घेतली नाही. १८०६ साली पॅरिसमध्ये आरगंडने तीच कल्पना छापली आणि पुस्तकात नाव राहिले त्याचे. भाषेपायी माणूस कसा मागे राहतो, पाहा.

आता समीकरणे. ती सोडवण्याआधी मोठ्याने मराठीत वाचा. |झेड| = ५ म्हणजे आरंभबिंदूपासून ५ अंतरावरची सगळी टिंबे. झाले वर्तुळ. |झेड − २ − ३आय| = ४ म्हणजे (२, ३) या जागी खुंटा आणि ४ लांबीचे दावे. ताणलेल्या दाव्याची शेळी फिरेल तो आलेख. 'बरोबर'च्या जागी 'पेक्षा लहान किंवा बरोबर' असेल तर तिने चरलेले सगळे रान घ्यायचे. इथे मुले एक ठिकाणी हमखास फसतात. |झेड + ३| = २ यात खुंटा ३ वर नसून वजा ३ वर असतो.

दोन्हीकडे रेघा आल्या तरी घाबरू नये. |झेड − २| = |झेड − ८|. २ च्या जागी नायगाव माना, ८ च्या जागी नरसी. दोन्ही गावांपासून सारख्याच अंतरावर कोण? त्यांना जोडणाऱ्या रेषेचा लंबदुभाजक, जो तुम्ही कंपासने शाळेतच काढलेला आहे. इथे तो ५ वरून जाणारी उभी रेघ.

बेरीज आली तर सुतळी घ्या. |झेड − ३| + |झेड + ३| = १० यासाठी पाटीवर ६ अंतरावर दोन खिळे ठोका, १० लांबीच्या सुतळीची टोके त्यांना बांधा, पेन्सिलीने सुतळी ताणून फिरवा. लंबवर्तुळ उमटेल, आडव्या अक्षाला ५ आणि वजा ५ वर, उभ्या अक्षाला ४ आणि वजा ४ वर कापणारे. सुतळी ६ चीच असेल तर नुसती खिळ्यांमधली रेघ. त्याहून आखूड सुतळी पोचणारच नाही, म्हणून आलेखही नाही. हा खेळ लहान भावंडांनाही दाखवा.

जेईई मेन २०२१ पासून मराठीतही देता येते, पण राज्याच्या सीईटीत गणित इंग्रजीतच असते. म्हणून समजून घ्या मराठीत, आणि वहीत शेजारी इंग्रजी शब्द लिहा: मॉड्युलस म्हणजे अंतर, लोकस म्हणजे बिंदुपथ.

या आठवड्यासाठी: |झेड − ६| = २|झेड|. इथे मात्र दोन्ही बाजूंचा वर्ग करावा लागेल. वर्तुळ येते, मध्य वजा २ वर, त्रिज्या ४. वहीत पायऱ्यांसह करा.