कंबर बधीर करून कामावर पाठवायचं, याला उपचार म्हणायचं का?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, पण कंबरदुखीवाला घरोघरी आहे म्हणून शेवटपर्यंत वाचा.

पुनावळ्यात राहून चाकणला नाहीतर हिंजवडीला कामाला जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. अंडरपासच्या कोंडीत क्लच दाबत बसायचं, मग आठ-दहा तास लाइनवर उभं राहायचं किंवा खुर्चीत वाकून बसायचं, आणि येताना परत तीच कोंडी. कंबर बोलायला लागणारच. मग कुणीतरी सांगतं, "नर्व्ह ब्लॉक घे, एका इंजेक्शनात मोकळा होशील." माझ्या ओळखीतला एक कंत्राटी कामगार असाच ब्लॉक घेऊन तिसऱ्या दिवशी लोडिंगला गेला. तीन आठवडे बरा होता. आता पुन्हा कंबर धरून बसलाय आणि दुसऱ्या इंजेक्शनसाठी पैसे जमवतोय.

ब्लॉक म्हणजे काय, ते आधी बघू. नसेच्या आसपास बधिरतेचं औषध सोडतात, लिग्नोकेन किंवा ब्युपिव्हाकेन. बऱ्याचदा सोबत स्टेरॉइड असतं. बधिरता काही तास टिकते. स्टेरॉइड लागू पडलंच तर आराम काही आठवडे, फार तर काही महिने. त्याने सरकलेली गादी जागेवर जात नाही की स्नायू बळकट होत नाहीत. शुगरवाल्यांची साखर मात्र काही दिवस वाढू शकते.

माझा ब्लॉकला सरसकट विरोध नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या वेदनेत पोटातल्या नसांचा ब्लॉक मोठा आधार ठरतो. अचानक उठलेल्या तीव्र सायटिकातही त्याचा विचार होतो. विरोध आहे तो जुनाट कंबरदुखीवर 'कायमचा इलाज' म्हणून तो विकण्याला.

फेब्रुवारी 2025 मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांच्या गटाने स्पष्ट शिफारस केली: तीन महिन्यांहून जास्त काळ चाललेल्या पाठ-मानदुखीत (कॅन्सर आणि सांध्यांच्या दाहाचे आजार सोडून) ही इंजेक्शनं देऊ नयेत. काही पेन स्पेशालिस्टना हे मान्य नाही. ठीक आहे, डॉक्टरांमध्ये वाद असू शकतो. पण वाद आहे एवढं तरी पेशंटला सांगाल की नाही?

आता तर टेन्शन, पॅनिक, झोप न लागणं यावरही मानेतल्या ब्लॉकच्या रील्स फिरतायत. याला स्टेलेट गँगलियन ब्लॉक म्हणतात. 2020 मध्ये 113 अमेरिकन सैनिकांवरच्या चाचणीचे निकाल आले. आघातानंतरच्या मानसिक त्रासाचा स्कोअर ब्लॉक घेतलेल्यांमध्ये 12.6 ने उतरला, खोट्या इंजेक्शनवाल्यांमध्ये 6.1 ने. तेही आठ आठवड्यांपर्यंतच बघितलेलं. 2016 च्या एका छोट्या चाचणीत तर फरकच दिसला नव्हता. युद्धावरच्या सैनिकांची ही गोष्ट नाइट शिफ्ट आणि ईएमआयच्या ताणाला कशी लावता? मन थकलं असेल तर आधी 14416 वर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, फुकट आहे.

खरा मुद्दा पुढेच आहे. माणूस ब्लॉक का घेतो? सुट्टी परवडत नाही म्हणून. पण ज्यांचा पगार 21,000 पर्यंत आहे त्यांचे दर महिन्याला ईएसआयसाठी 0.75 टक्के कापले जातात, वर कंपनी 3.25 टक्के भरते. त्यात वर्षाला 91 दिवसांपर्यंत, पगाराच्या 70 टक्के आजारपणाचा भत्ता बसतो. अटी आहेत, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, पण हा तुमचा हक्क आहे. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं हॉस्पिटल आहे. ठेकेदार हे कधी सांगतो का? त्याला माणूस उद्या लाइनवर हवा असतो.

कंपन्यांनाही सांगायचंय. इजा होईल इतकं ओझं कामगाराला उचलायला लावू नये, हे 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 34 मध्येच लिहिलं होतं. लाइनवर एक लिफ्टर कमी पडतो म्हणून कामगाराने मणक्यात सुया का टोचून घ्यायच्या?

ब्लॉक घ्यायच्या आधी चार प्रश्न विचारा. माझं नेमकं निदान काय? आराम किती दिवस टिकेल? धोके कोणते? फिजिओथेरपी नीट करून झाली का? आणि दरपत्रक बघा. 2021 च्या राज्याच्या नियमांनुसार ते आणि रुग्ण हक्क सनद खासगी हॉस्पिटलांना दर्शनी भागात लावावीच लागते.

महापालिकेकडे मागणी एकच: शिफ्ट सुटल्यावर जाता येईल अशा वेळेत, आपल्या भागात फिजिओथेरपी सुरू करा. येत्या निवडणुकीत मत मागायला जो येईल त्याला हे पहिल्यांदा विचारा.

पाय बधिर झाले, ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर मात्र थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. बाकी, सोसायटीच्या आणि कंपनीच्या ग्रुपवर ही पोस्ट टाका. कुणाच्या तरी घरी आज इंजेक्शनसाठी पैसे मोजायचं चाललं असेल.