हजेरी माफ, पण बुडालेल्या परीक्षेचं काय?

केरळने जानेवारी २०२३ मध्ये मासिक पाळीचा विचार करून विद्यापीठांतल्या मुलींसाठी हजेरीची अट ७५ वरून ७३ टक्क्यांवर आणली. चांगलंच झालं. पण मंडळी, हजेरी माफ झाली म्हणून बुडालेलं प्रॅक्टिकल भरून निघतं का?

आपल्याकडे डेंग्यूने आठ दिवस पडलेला पोरगा मेडिकल सर्टिफिकेट देतो, डिफॉल्टर लिस्टमधून नाव निघतं. अंतर्गत चाचणीत मात्र शून्य! मग सरांच्या केबिनबाहेर हात जोडून उभं राहायचं. कुणाला पुन्हा परीक्षा मिळते, कुणाला नाही.

ही मेहरबानी कशाला? अर्ज कुणाकडे, किती दिवसांत, फेरचाचणी कधी, हे सत्राच्या पहिल्याच दिवशी नोटीस बोर्डावर लावा. खोटी सर्टिफिकेटं येतात? येतात. पण त्याची शिक्षा खऱ्या आजाऱ्याला का?